वाचकांचे प्रश्न : सैतान, चेटूक आणि युरोपातील न्यायालये

गेल्या अंकात युरोपातील धर्मसुधारणेवर जो लेख प्रसिद्ध झाला, त्यात चेटकिणींच्या खटल्यांचा उल्लेख एका वाक्यात आला होता. त्या वाक्यावर सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांतून इतकी पत्रे आली, की या वेळचे सदर त्याच विषयाला देणे भाग पडले. पत्रे दीर्घ असल्याने प्रश्नांचा गाभा तेवढा येथे घेतला आहे.

प्रश्न : माझे बालपण मिरजेत मिशन हॉस्पिटलच्या परिसरात गेले. ज्या धर्माच्या माणसांनी येथे रुग्णसेवा केली, त्याच धर्माच्या चर्चने मध्ययुगात लाखो स्त्रियांना चेटकिणी ठरवून जाळले, असे वाचनात आले. हे खरे आहे काय? असल्यास असे का घडले? (एक निवृत्त शिक्षिका, मिरज)

उत्तर : खटले झाले आणि त्यांत हजारो निरपराध माणसांचा बळी गेला, याबद्दल शंका नाही, परंतु काळ, संख्या आणि शिक्षा देणारी सत्ता या तिन्ही बाबतींत आपल्या वाचनात आलेला मजकूर दुरुस्त करून घ्यावा लागेल. हे खटले साधारणपणे १४५० ते १७५० या काळातले आहेत आणि त्यांतील सर्वांत भीषण वर्षे १५६० ते १६३० च्या दरम्यानची, म्हणजे छापखाने सुरू झाल्यानंतरची, विद्यापीठांतून शिकलेले कायदेपंडित न्यायासनावर बसू लागल्यानंतरची आहेत. मृतांची संख्या आज इतिहासकार ४०,००० ते ६०,००० च्या घरात धरतात. नव्वद लाखांचा जो आकडा अधूनमधून ऐकू येतो, तो अठराव्या शतकाच्या अखेरीस एका जर्मन लेखकाने एकाच गावच्या नोंदींवरून त्रैराशिक मांडून, ते साऱ्या युरोपाला आणि कित्येक शतकांना लावून काढलेला आहे. शिक्षा देणारी बहुतेक न्यायालये चर्चची नव्हती; ती राजांची, नगरांची आणि संस्थानिकांची होती. एकूण बळींपैकी जवळजवळ निम्मे ज्या पवित्र रोमन साम्राज्यात, म्हणजे प्रामुख्याने जर्मन भाषिक प्रदेशात, गेले, तेथे शेकडो लहानमोठी संस्थाने होती. सांगली, थोरली मिरज, धाकटी मिरज, कुरुंदवाड अशा पटवर्धनी वाटण्या ज्यांच्या ऐकण्यात आहेत, त्यांना एका कोसावर कायदा कसा बदलतो हे निराळे सांगावे लागणार नाही. त्यांतील काही संस्थानांत बिशप हाच राजाही असे, आणि सर्वांत क्रूर खटले नेमके अशाच काही ठिकाणी झाले, ही गोष्टही लपवण्याचे कारण नाही.

आता कारणाकडे वळू. लोकांच्या मनातील चेटकाची भीती पुरातन होती. तिच्यातून असे खटले शतकानुशतके उभे राहिले नव्हते. उलट इ. स. ९०६ च्या सुमारास जर्मनीतील प्र्यूमच्या माजी मठाधिपतीने नोंदवलेला चर्चचा एक नियम असे सांगतो, की रात्री डायना देवीबरोबर जनावरांवर बसून आपण दूरदूर फिरतो असे ज्या बायका मानतात, त्यांना सैतान स्वप्नात भुलवतो, आणि असे उड्डाण खरोखर घडते असे मानणारा माणूस श्रद्धेपासून ढळलेला समजावा. म्हणजे चर्चची जुनी भूमिका चेटकावर विश्वास ठेवणाऱ्यालाच समज देण्याची होती. पंधराव्या शतकात ही भूमिका पालटली आणि ती खेड्यातील अडाणी माणसांनी पालटली नाही. पाखंडी पंथांचा शोध घेणाऱ्या धर्माधिकाऱ्यांनी आणि ईश्वरशास्त्रज्ञांनी चेटूक म्हणजे सैतानाशी केलेला करार, आणि चेटकिणी म्हणजे त्याची गुप्त संघटना, असा सिद्धांत रचला. हाइनरिख क्रामर या डोमिनिकन संन्याशाने पोप आठवा इनोसंट याच्याकडून १४८४ मध्ये अधिकारपत्र मिळवले. पुढच्याच वर्षी इन्सब्रुक येथे त्याने चालवलेला खटला मात्र फसला. हेलेना शॉयबरिन या आरोपी स्त्रीला तिच्या खाजगी आयुष्याबद्दल तो जे प्रश्न विचारू लागला, त्यांना बिशपच्या प्रतिनिधीनेच हरकत घेतली, सर्व स्त्रिया सुटल्या आणि बिशपने क्रामरला शहर सोडून जाण्यास बजावले. या अपमानानंतर त्याने १४८६ मध्ये ‘मॅलेउस मॅलेफिकारुम’ (चेटकिणींवरचा हातोडा) हा कुप्रसिद्ध ग्रंथ लिहिला आणि पोपचे ते अधिकारपत्र त्याला पुरस्काराप्रमाणे जोडून दिले. एका स्थानिक बिशपने ज्याला वाटेला लावले, त्याचा ग्रंथ छापखान्यामुळे देशोदेशीच्या न्यायाधीशांच्या मेजावर गेला, हे या इतिहासातील मला सर्वांत बोलके वाटणारे प्रकरण आहे.

प्रश्न : आपल्याकडील भूत, वेताळ, करणी, भानामती या कल्पना आणि ख्रिस्ती लोकांचा सैतान यांत फरक कोणता? तिकडेही देवऋषी असत काय? (एक वाचक, वाई)

उत्तर : फरक मूळ चौकटीतच आहे. आपल्याकडे भूत हे बहुधा अतृप्त राहून मेलेल्या माणसाचे असते, वेताळाला किंवा म्हसोबाला नैवेद्य देऊन शांत करता येते आणि करणी करणाऱ्याची शक्ती त्याच्या मंत्रात किंवा साधनेत आहे, असे मानले जाते. ख्रिस्ती विचारात सैतान हा मुळात ईश्वराने निर्माण केलेला, पण गर्वामुळे पतन पावलेला देवदूत आहे. तो एकच असून त्याच्या हाताखाली असंख्य दुष्टात्मे आहेत. त्याला नैवेद्य दाखवणे हेच महापाप आहे. आणि ईश्वराच्या परवानगीवाचून तो कोणाच्या केसालाही धक्का लावू शकत नाही. या शेवटच्या मुद्द्यासाठी बायबलातील ईयोबाची कथा सतत पुढे केली जाई, कारण तेथे सैतान ईयोबाला छळण्यापूर्वी ईश्वराची अनुमती घेतो.

यातून जी गुंतागुंत निर्माण झाली, तिच्यावर सोळाव्या आणि सतराव्या शतकांतील विद्वानांनी शेकडो पाने खर्च केली. सैतान शून्यातून काही निर्माण करू शकत नाही, मेलेल्याला उठवू शकत नाही आणि माणसाच्या अंतःकरणातील विचार थेट वाचू शकत नाही, हे सर्वांना मान्य होते. पण तो अतिप्राचीन आणि निसर्गाचा कसलेला जाणकार असल्याने रोग पसरवणे, वादळ उठवणे, वस्तू क्षणार्धात एका जागेवरून दुसरीकडे नेणे आणि माणसाच्या डोळ्यांना फसवणे त्याला जमते, असे ते म्हणत. म्हणजे त्याची करामत म्हणजे चमत्कार नव्हे, निसर्गनियमांच्या आतली हातचलाखी होय. आता सारे सैतानच करत असेल, तर चेटकिणीच्या हातात उरते काय? ईश्वरशास्त्रानुसार काहीच नाही. तिचा बाहुला, तिची मुळी, तिचे पुटपुटणे यांत कोणतीही शक्ती नसते. ती केवळ खूण करते आणि काम सैतान उरकतो. तिचा अपराध मग कोणता, तर तिने बाप्तिस्म्याचे वचन मोडून त्याच्याशी करार केला, हा. योहान वायर या वैद्याने १५६३ मध्ये याच तर्काचा आधार घेऊन, फसवणारा सैतान समर्थ असेल तर फसलेल्या खिन्न म्हाताऱ्यांना जाळून काय साधते, असा प्रश्न विचारला. आणि जाँ बोदँ या नामांकित फ्रेंच कायदेपंडिताने १५८० मध्ये त्याला उत्तर देताना वायर हाच चेटक्यांचा साथीदार असल्याचे सूचित केले. वायर सैतानाला मानत होता, बोदँही मानत होता. तरी एकाच श्रद्धेतून दोघे दोन टोकांना पोहोचले.

देवऋषींविषयीचे उत्तर आपल्याला चकित करील. हरवलेली वस्तू सांगणारे, दृष्ट काढणारे, गुरांच्या दुखण्यावर मंतरलेले पाणी देणारे लोक युरोपातील खेड्याखेड्यांत होते आणि कोणी करणी केली हे विचारायला लोक त्यांच्याकडेच जात. अशा उपकारक माणसांना तरी सोडावे, असे सामान्य लोकांना वाटे. इंग्लंडमधील विल्यम पर्किन्स या प्युरिटन पंडिताचे मत नेमके उलट होते : बरे करणारी चेटकीण ही बाधा करणारीपेक्षा अधिक घातक, कारण बाधा करणारीचा लोक तिरस्कार करतात, तर बरे करणारीच्या मागे जाऊन आपला आत्मा गमावतात. त्याचा हा ग्रंथ १६०८ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर छापला गेला. प्रॉटेस्टंट प्रदेशांत आणखी एक अडचण होती. कॅथलिक माणसाला बाधेवर पवित्र पाणी, क्रूसाची खूण, धर्मगुरूचे भूत उतरवण्याचे विधी असे उपाय उपलब्ध होते. प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकांनी हे सारे अंधश्रद्धा म्हणून काढून टाकले, परंतु सैतान मात्र जागच्या जागी ठेवला. मग पीडित शेतकऱ्याच्या हाती प्रार्थना, उपवास आणि न्यायालय एवढेच उरले.

प्रश्न : मी वकिली करतो. आकाशातून उडाल्याचा किंवा सैतानाशी करार केल्याचा पुरावा न्यायालयापुढे येत तरी कसा असे? (एक वाचक, इस्लामपूर)

उत्तर : आपण सर्वांत मर्मावर बोट ठेवले आहे. माझ्या मते या इतिहासाची किल्ली धर्मग्रंथापेक्षा पुराव्याच्या नियमांत सापडते.

युरोप खंडातील बहुतेक भागांत रोमन कायद्यावर आधारलेली पद्धत होती आणि तिचा मूळ हेतू आरोपीचे संरक्षण हाच होता. देहान्ताच्या शिक्षेसाठी दोन प्रत्यक्षदर्शी साक्षीदार किंवा आरोपीचा कबुलीजबाब असल्याखेरीज पुरावा पूर्ण मानला जात नसे. संशयावरून कोणाला मारता येऊ नये म्हणून केलेला हा नियम चेटकाच्या बाबतीत उलटा फिरला. कारण चेटकिणी रात्री सैतानाबरोबर मेळावा भरवतात अशी समजूत होती, आणि त्या मेळाव्याचे प्रत्यक्षदर्शी म्हणजे दुसऱ्या चेटकिणीच असणार, तेव्हा कबुलीजबाबाला पर्याय उरला नाही आणि कबुलीसाठी यातना देण्याची मुभा कायद्यात होतीच. सम्राट पाचवा चार्ल्स याच्या १५३२ च्या फौजदारी संहितेने यातना देण्यापूर्वी सबळ कारण असावे, अशी अट घातली होती आणि जादूने इजा केली असेल तरच जाळण्याची शिक्षा सांगितली होती. परंतु चेटूक हा अपवादात्मक अपराध असल्याने नेहमीचे नियम त्याला लागू नाहीत, असा युक्तिवाद करून स्थानिक न्यायाधीश या अटी गुंडाळून ठेवत. कबुलीनंतरचा पुढचा प्रश्न ठरलेला असे : मेळाव्याला आणखी कोण होते? एका आरोपीकडून दहा नावे आणि त्या दहांकडून पुढची, अशी साखळी सुरू होई.

जर्मनीतील बांबेर्ग येथील योहानेस युनियस या पंचावन्न वर्षांच्या नगराध्यक्षाचे पत्र या विषयावरील सर्वांत जवळचा पुरावा आहे. १६२८ च्या जुलै महिन्यात, अंगठे पिळणाऱ्या पेचाने निकामी झालेल्या हातांनी त्याने ते तुरुंगातून आपल्या मुलीला, व्हेरोनिकाला लिहिले. त्याची पत्नी आधीच याच आरोपाखाली मारली गेली होती. तो लिहितो, की यातना देणाऱ्या जल्लादानेच अखेर त्याला विनवले : महाराज, देवासाठी काहीतरी कबूल करा, नसेल तर रचून सांगा, कारण हे तुम्हाला सोसवणार नाही. तेव्हा त्याने एक स्त्री बकऱ्याच्या रूपात बदलल्याची आणि काळ्या कुत्र्यावर बसून मेळाव्याला गेल्याची कथा रचली. तेथे कोण भेटले, हे विचारल्यावर त्याने कोणालाही ओळखले नाही असे सांगितले. मग त्याला सांगण्यात आले, की बाजारापासून सुरुवात कर, एका रस्त्याने जा आणि दुसऱ्याने परत ये. आणि अशा रीतीने रस्त्यामागून रस्ता घेऊन त्याच्याकडून नावे काढण्यात आली. पत्र लपवून ठेव, नाहीतर पहारेकऱ्यांची डोकी उडतील, असे त्याने मुलीला बजावले आहे. ऑगस्टमध्ये त्याला मारण्यात आले.

याच्या शेजारी स्पेनचे उदाहरण ठेवून पाहावे. तेथील धर्मन्यायालय, इन्क्विझिशन, आपल्याला क्रौर्याचे प्रतीक म्हणून माहीत आहे आणि यहुदी व मुस्लिम धर्मांतरितांच्या बाबतीत ते तसे होतेही. उत्तर स्पेनच्या बास्क प्रदेशातील चेटकाच्या एका प्रकरणात १६१० मध्ये लोग्रोन्यो येथे याच न्यायालयाने सहा जणांना जाळले. पण तिघा न्यायाधीशांपैकी आलोन्सो दे सालासार या एकाला पुरावा पटला नव्हता. १६११ मध्ये तो स्वतः गावोगाव फिरला. १,८०२ जणांनी त्याच्यापुढे कबुली दिली आणि त्यांपैकी १,३८४ ही केवळ मुले होती. त्याने प्रत्येक गोष्ट तपासून पाहिली. उडण्यासाठी लावायच्या म्हणून दिलेल्या मलमांच्या बरण्या त्याने जनावरांवर वापरून पाहिल्या, तेव्हा ती मलमे निरुपद्रवी आणि दडपणाखाली तयार केलेली निघाली. सैतानाशी संग झाल्याचे सांगणाऱ्या मुलींची स्त्रियांकडून तपासणी करवली, तेव्हा त्या कुमारिका आढळल्या. ज्या रात्री मेळावा भरला असे सांगितले जात होते, त्या रात्री त्याचे दोन लेखनिक नेमक्या त्या जागी होते. त्यांना कोणीही दिसले नाही. चेटकाविषयी लोक बोलू आणि लिहू लागेपर्यंत या भागात चेटकिणीही नव्हत्या आणि चेटूक झालेलेही नव्हते, असा निष्कर्ष त्याने वरिष्ठांना कळवला. १६१४ मध्ये इन्क्विझिशनने त्याच्या सूचना बव्हंशी स्वीकारल्या आणि त्यानंतर स्पेनमध्ये या न्यायालयाने चेटकाच्या आरोपावरून केलेल्या शिक्षा जवळजवळ थांबल्या. सालासारचा सैतानावरील विश्वास उडाला होता, असे कोठेही दिसत नाही. त्याला फक्त पुरावा हवा होता.

प्रश्न : बळी स्त्रियाच का? (एक विद्यार्थिनी, कराड)

उत्तर : सर्व बळी स्त्रिया नव्हत्या, सुमारे तीन-चतुर्थांश होत्या. आइसलंडमध्ये आणि फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतात मारले गेलेले बहुसंख्य पुरुष होते. क्रामरसारख्यांनी हव्वेच्या पतनाचा दाखला देऊन स्त्री ही बुद्धीने दुबळी आणि वासनेने अतृप्त असते, असे लिहून ठेवले होते, पण पोथीतील तिरस्कारावर सारी जबाबदारी टाकता येत नाही. गावातील फिर्याद बहुधा दूध नासणे, लोणी न येणे, बाळ दगावणे, बाळंतीण आजारी पडणे अशा घरातील गोष्टींवरून सुरू होई आणि या कामांत एकमेकींच्या संपर्कात येणाऱ्या स्त्रियाच असत; फिर्यादी आणि साक्षीदारांमध्येही स्त्रियांची संख्या लक्षणीय होती. वृद्ध, विधवा, तोंडाळ आणि शेजाऱ्यांकडे मागून खाणारी स्त्री प्रथम संशयात येई, कारण तिला रित्या हाताने परत पाठवल्यानंतर घरात काही वाईट घडले, तर तिचे पुटपुटणे सर्वांना आठवे.

प्रश्न : आमचा द्राक्षाचा व्यवसाय आहे. गारपिटीचा दोषही चेटकिणींना देत, असे ऐकले ते खरे काय? (एक बागायतदार, तासगाव)

उत्तर : होय. १५६२ च्या ऑगस्टमध्ये दक्षिण जर्मनीत भयंकर गारपीट झाली आणि त्यानंतर वीझेनश्टाइग या लहानशा संस्थानात ६३ स्त्रियांना मृत्युदंड देण्यात आला. हा काळच थंडीचा होता. उन्हाळे लहान, पिके बुडालेली, धान्य महाग. १६२६ च्या मे महिन्याअखेर पडलेल्या दहिवराने माइन नदीच्या खोऱ्यातील द्राक्षवेली ऐन फुटव्यात करपून गेल्या, आणि बांबेर्ग व व्युर्झबुर्ग येथील सर्वांत मोठी खटलासत्रे त्या पाठोपाठ सुरू झाली. वर ज्याचे पत्र सांगितले, तो युनियस त्याच सत्रात सापडला. अर्थात पीक बुडाले तेथे सर्वत्र खटले झाले नाहीत. स्थानिक सत्ताधीशाने लोकांची मागणी उचलून धरली तरच ते झाले.

प्रश्न : गोव्याच्या इन्क्विझिशनने चेटकिणी जाळल्या काय? (एक वाचक, सांगली)

उत्तर : १५६० मध्ये स्थापन झालेल्या या न्यायालयाचे मुख्य लक्ष्य यहुदी वंशाचे नवख्रिस्ती आणि पूर्वीचे आचार गुपचूप पाळणारे स्थानिक धर्मांतरित हे होते. पोर्तुगीज इन्क्विझिशनने चेटकाच्या आरोपावरून देहान्ताची शिक्षा फार क्वचित दिली. तथापि हिंदू आचार सैतानाच्या पूजेतच मोडतात, ही समजूत कारभारात खोलवर होती. १७३६ च्या आज्ञापत्रात धर्मांतरितांनी अंगणात तुळस ठेवू नये, पुरुषांनी धोतर आणि स्त्रियांनी चोळी वापरू नये, इथपर्यंत बारीक मनाया आहेत.

प्रश्न : आपल्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यासारखा कायदा तिकडे झाला काय? (एक वाचक, सातारा)

उत्तर : सर्वांत जवळचा म्हणता येईल असा ब्रिटिश संसदेचा १७३५ चा कायदा आहे. त्यापूर्वीच्या कायद्यानुसार इंग्लंडमध्ये चेटकिणींना फाशी होत असे. जाळण्याची शिक्षा या आरोपासाठी तेथे नव्हती, हा तपशील कथा-कादंबऱ्यांतून नेहमी चुकतो. नव्या कायद्याने चेटकाचा आरोप करून खटला भरणेच बंद केले आणि अशी शक्ती आपल्याकडे आहे असे भासवून लोकांना फसवणाऱ्याला एक वर्षाचा कारावास ठेवला. हा कायदा १९५१ पर्यंत अस्तित्वात होता.

परंतु न्यायालयांनी अंग काढून घेतले म्हणून गावांची समजूत बदलली नाही. १७५१ मध्ये हार्टफर्डशायरमधील ट्रिंगजवळ जमावाने रूथ ऑसबोर्न या वृद्धेला चेटकीण ठरवून तळ्यात बुडवण्याची जुनी परीक्षा घेतली आणि त्यात तिचा मृत्यू झाला. जमावाचा म्होरक्या थॉमस कॉली याला खुनाबद्दल फाशी झाली, ती साध्या खुनाच्या कायद्याखाली; कारण एखाद्या स्त्रीला चेटकीण म्हणून बदनाम करणे हा १७३५ च्या कायद्याने अपराध ठरवलाच नव्हता.

महाराष्ट्राचा कायदा येथे वेगळा पडतो. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ज्यासाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाल्यानंतर काही दिवसांतच जो वटहुकूम म्हणून आला, त्या कायद्याच्या अनुसूचीत बारा प्रकारची कृत्ये आहेत. मंत्रतंत्राने फसवणारा भोंदू तर तिच्यात आहेच. पण अमुक माणूस करणी करतो, मंत्राने गुरांचे दूध आटवतो, रोगराई पसरवतो किंवा तो सैतानाचा अवतार आहे, असे जाहीर करून त्याचे जगणे अवघड करणारा शेजारीही तिच्यात स्वतंत्रपणे नमूद आहे आणि त्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावास व पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड होऊ शकतो.